हिरव्या ठिपक्यापलीकडची चौकशी

लातूरच्या गंजगोलाईत 16 रस्ते एकत्र येतात. नांदेडहून खरेदीस आलेल्या व्यापाऱ्यास तेथे दुकाने विपुल. जैन आहाराचे ताट मात्र शोधावे लागते. पाकिटावरील हिरवा ठिपका शाकाहाराचीच ग्वाही देतो. कांदा, लसूण, बटाटा त्यास वर्ज्य नाहीत. भाजीचे वाटणच कांद्याचे असेल, तर वरून कांदा वगळून काय साधणार? म्हणून मालकापेक्षा आचाऱ्यास विचारावे.

चौविहार पाळणाऱ्यांची अडचण निराळीच. डिसेंबरात सूर्य सहापूर्वीच मावळतो आणि बहुतेक उपाहारगृहांत रात्रीचा स्वयंपाक त्यानंतर सिद्ध होतो. शिकवणीसाठी लातुरात राहणाऱ्या मुलांचे तर अधिकच हाल! खाणावळ ठरविताना पालकांनी दराआधी सायंकाळचे ताट किती वाजता वाढतात, हे विचारावे. तासाच्या वेळेशी ते जुळत नसेल, तर डबा दुपारीच मागवावा.