घुमटाखालचे आकाश : ताराप्रक्षेपकाचे शतक

तारांगणाच्या घुमटावर दिसणारे आकाश मूळ रचनेत चित्रपटासारखे आधी टिपून ठेवलेले नव्हते. दर खेळाला ते दंतचक्रे, भिंगे आणि एका दिव्याच्या साह्याने प्रेक्षकांसमोर नव्याने घडवले जात असे. हे काम करणारे यंत्र म्हणजे ताराप्रक्षेपक. घुमटाच्या मध्यभागी उभे राहून आतील पांढऱ्या पृष्ठभागावर तारे, ग्रह, सूर्य व चंद्र यांच्या प्रकाशप्रतिमा पाडणारे हे उपकरण १९२३ साली जर्मनीत प्रथम लोकांपुढे आले आणि पुढील सुमारे साठ वर्षे त्याच्या मूळ कल्पनेत फरक करण्याची गरज कोणाला भासली नाही. आज त्याची जागा बहुतेक ठिकाणी संगणकाने घेतली असली, तरी तारांगणातील खेळ कसा असावा याचा विचार त्या जुन्या यंत्राला वगळून करता येत नाही.

ग्रहांच्या गतीला यंत्रात बसवण्याचा खटाटोप अर्थातच त्याहून जुना आहे. नेदरलँड्समधील फ्रानेकर या गावी लोकर विंचरण्याचा व्यवसाय करणाऱ्या आइसे आइसिंगा याने १७७४ ते १७८१ या काळात आपल्या राहत्या घराच्या छतावर सूर्यमाला उभारली. तिला गती देणारी चक्रे लाकडाची असून त्यांचे दात म्हणजे हाताने घडवलेले, ओळीने ठोकलेले हजारो खिळे आहेत आणि हा सर्व पसारा एका लोलकाच्या घड्याळावर चालतो. शनी तेथे सर्वांत बाहेरचा ग्रह आहे, कारण युरेनसचा शोध १७८१ सालीच लागला आणि तोवर छत भरून गेले होते. या उद्योगामागचे निमित्त भारतीय वाचकाला परके वाटणार नाही. १७७४ च्या मे महिन्यात चंद्रासह चार ग्रह मेष राशीत एकत्र दिसणार होते आणि त्या युतीमुळे पृथ्वी आपल्या मार्गावरून ढळेल असे भाकीत करणारी पुस्तिका त्या प्रदेशात पसरली होती. फेब्रुवारी १९६२ मधील अष्टग्रहीच्या वेळी भारतात ठिकठिकाणी यज्ञ झाले, त्याच जातीची ही घबराट होती. तिला उत्तर म्हणून आइसिंगाने वादविवाद केला नाही; ग्रह खरोखर कसे फिरतात ते छतावर फिरवून दाखवले. हे छत आजही चालू असून २०२३ साली त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

आइसिंगाचे छत सूर्यमालेकडे बाहेरून पाहते. पृथ्वीवर उभ्या असलेल्या माणसाला आकाश कसे दिसते, हे त्यातून कळत नाही. ही उणीव भरून काढण्याचा आग्रह म्युनिक येथील 'डॉइचेस म्युझियम' या तंत्रविद्येच्या संग्रहालयाचे संस्थापक ऑस्कर फॉन मिलर यांनी धरला. हायडेलबर्गचे खगोलज्ञ माक्स वोल्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी १९१३ च्या सुमारास येना येथील झाइस या भिंगे व दुर्बिणी बनवणाऱ्या कंपनीकडे हे काम सोपवले. सुरुवातीची कल्पना अशी होती की छिद्रे पाडलेला एक मोठा पोकळ गोल फिरवायचा आणि प्रेक्षकांनी त्याच्या आत बसायचे. शिकागोमध्ये त्याच वर्षी असा एक गोल उभा राहिलाही होता. परंतु गोल जितका मोठा, तितका तो जड, आणि त्याच्या पत्र्यावर स्वतंत्र गतीने फिरणारे ग्रह बसवणे तर जवळजवळ अशक्यच. पहिल्या महायुद्धाने हे काम थांबवले. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये झाइसमधील अभियंते वाल्टर बाउअर्सफेल्ड यांनी सगळा प्रश्नच उलटा केला: घुमट स्थिर ठेवावा आणि प्रकाश फिरवावा. उत्तर सापडल्यावर ते अगदी उघड वाटते, पण तोवर ते कोणाला सुचले नव्हते, आणि सुचल्यानंतरही प्रत्यक्षात उतरायला चार वर्षे लागली. चाचणीसाठी येनाच्या कारखान्याच्या छपरावर सोळा मीटर व्यासाचा घुमट बांधला गेला. लोखंडी सळयांच्या त्रिकोणांची जाळी आणि तिच्यावर काँक्रीटचा अगदी पातळ थर, अशी त्याची रचना होती. त्रिकोणांच्या जाळीचे घुमट पुढे अमेरिकेत बकमिन्स्टर फुलर यांच्या नावाने गाजले, पण त्याच्या कित्येक वर्षे आधी हा घुमट बांधून झाला होता. २१ ऑक्टोबर १९२३ रोजी म्युनिकच्या संग्रहालयात यंत्राचे प्रात्यक्षिक झाले आणि मे १९२५ पासून ते सर्वांसाठी खुले झाले.

या यंत्राची अंतर्रचना थोडी सविस्तर पाहण्यासारखी आहे. त्याचा डोळ्यांत भरणारा भाग म्हणजे अनेक भिंगे बसवलेला एक पोकळ गोळा. संपूर्ण खगोल, म्हणजे आपल्याभोवती कल्पिलेला ताऱ्यांचा गोल, फुटबॉलच्या शिवणीप्रमाणे पंचकोनी व षट्कोनी अशा ३२ तुकड्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक तुकड्यासाठी एक भिंग असते. गोळ्याच्या मध्यभागी दिवा आणि भिंगामागे धातूचा अतिशय पातळ पत्रा. त्या पत्र्यावर त्या तुकड्यातील ताऱ्यांच्या जागी सूक्ष्म छिद्रे पाडलेली असतात. तारा जितका तेजस्वी, तितके छिद्र मोठे. याच युक्तीत यंत्राचा एक दोषही आहे, कारण व्याधासारखा तेजस्वी तारा घुमटावर ठळक होण्याऐवजी आकाराने मोठा दिसू लागतो, आणि खऱ्या आकाशात तारा कधीच तबकडीएवढा दिसत नाही. प्रकाशतंतू वापरून हा दोष पुढच्या यंत्रांत बऱ्याच अंशी दूर झाला. आणखी एक अडचण क्षितिजाची होती. गोळा फिरू लागला की मावळलेले तारे क्षितिजाखाली, म्हणजे थेट प्रेक्षकांच्या अंगावर पडणार. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक भिंगापुढे वजन लावलेली एक झडप टांगण्यात आली. गोळा कसाही कलला तरी गुरुत्वाकर्षणामुळे ती झडप सरळ लोंबते आणि क्षितिजाखाली जाणारा प्रकाश आपोआप अडवते.

खरी करामत मात्र ग्रहांच्या यंत्रणेत आहे. ग्रह काही काळ ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकतात, मग थबकतात, उलटे पश्चिमेकडे जातात आणि पुन्हा सुलट होतात. पंचांगात ज्याला ग्रह वक्री होणे म्हणतात ते हेच. ही वळणे यंत्रात मुद्दाम घातलेली नाहीत. प्रत्येक ग्रहासाठी दोन चकत्या असतात: एक पृथ्वीच्या कक्षेची आणि दुसरी त्या ग्रहाच्या कक्षेची, दोन्ही योग्य प्रमाणात आणि योग्य गतीने फिरणाऱ्या. पृथ्वीदर्शक खुंटीपासून ग्रहदर्शक खुंटीपर्यंत एक दांडी जोडलेली असते आणि त्या दांडीच्या दिशेनेच छोटा प्रक्षेपक आपला प्रकाश टाकतो. पृथ्वीची खुंटी मंगळाच्या खुंटीला मागे टाकून पुढे गेली की दांडी क्षणभर उलट वळते आणि घुमटावर मंगळ वक्री होतो. कोपर्निकसच्या सिद्धांताचे इतके नि:शब्द आणि इतके पटणारे प्रतिपादन दुसऱ्या कोणत्या यंत्रात क्वचितच सापडेल, आणि वक्री ग्रहाच्या धास्तीवर याहून चांगला उतारा नाही.

म्युनिकचे पहिले यंत्र त्या शहराच्या अक्षांशाशी जखडलेले होते. त्यामुळे महाराष्ट्रातून हिवाळ्यात दक्षिणेकडे सहज दिसणारा अगस्ती तारा त्या घुमटात कधीच उगवू शकत नव्हता, कारण म्युनिकच्या क्षितिजावर तो येतच नाही. लवकरच आलेल्या दुसऱ्या नमुन्यात उत्तर व दक्षिण खगोलार्धासाठी दोन गोळे एका दांड्याच्या दोन टोकांना बसवण्यात आले आणि पृथ्वीवरील कोणत्याही ठिकाणचे आकाश दाखवणे शक्य झाले. या नमुन्याला संपातचलनाचीही गती होती. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत आकाशात एक फेरा पूर्ण करतो. परिणामी वसंतसंपात, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो तो बिंदू, नक्षत्रांतून हळूहळू मागे सरकतो, आणि ध्रुवताऱ्याचा मानही एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जातो. लोकमान्य टिळकांनी १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या 'ओरायन' या ग्रंथात वेदांचा काळ ठरवताना याच गतीचा आधार घेऊन वसंतसंपात मृगात असल्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे ४००० वर्षे इतका मागे नेला. त्यांच्या निष्कर्षाबद्दल मतभेद आहेत. परंतु त्यामागचे गणित ज्याला आकृतीवरून उमगत नाही, त्याला घुमटाखाली सहा हजार वर्षे काही मिनिटांत मागे नेली की ते सहज उमगते.

यंत्राचा प्रसार झपाट्याने झाला. १९३० साली शिकागोचे ॲडलर तारांगण उघडले आणि १९३७ साली ओसाकाचे. मात्र झाइसचे यंत्र मोठ्या शहरांनाच परवडणारे होते. शाळांपर्यंत तारांगण पोहोचवले ते अमेरिकेतील आर्मंड स्पिट्झ यांनी; १९४७ मध्ये त्यांनी गोळ्याऐवजी बारा सपाट पंचकोनी बाजूंचे, अवघ्या ५०० डॉलरचे यंत्र बाजारात आणले. भिंगांऐवजी नुसत्या छिद्रांवर भागवणारे हे यंत्र झाइसपुढे सामान्यच, पण त्याच्याच कुळातले यंत्र पुण्याच्या टिळक रस्त्यावरील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली आले आणि महाराष्ट्रात तारांगणाची सुरुवात एका शाळेत झाली. या तारांगणाचा उल्लेख 'आशियातील पहिले' असा होतो तो ओसाकाच्या तारखेपुढे टिकत नाही. पण एखाद्या शाळेने त्या काळात असे यंत्र आणवावे, ही गोष्ट त्या बिरुदावाचूनही पुरेशी मोठी आहे. त्यानंतर कोलकात्याचे बिर्ला तारांगण १९६२ मध्ये, मुंबईत वरळीचे नेहरू तारांगण ३ मार्च १९७७ रोजी आणि दिल्लीच्या तीन मूर्ती परिसरातील तारांगण १९८४ मध्ये सुरू झाले. राकेश शर्मा ज्या सोयुझ यानातून पृथ्वीवर परतले, ते यान दिल्लीच्या तारांगणात ठेवलेले आहे.

या यंत्राचा उपयोग केवळ लोकशिक्षणापुरता राहिला नाही. अमेरिकेतील चॅपल हिल येथील मोरहेड तारांगणात १९५९ पासून १९७५ पर्यंत ६२ अंतराळवीरांनी ताऱ्यांवरून दिशा ओळखण्याचे शिक्षण घेतले. यानाच्या अरुंद खिडकीतून आकाशाचा लहानसा तुकडाच दिसणार असल्याने, नकली खिडकीतून घुमटाकडे पाहत अपोलोच्या यादीतील ३७ तारे झटकन ओळखण्याचा सराव त्यांच्याकडून करून घेतला जाई. त्या यादीत अंतराळवीर गस ग्रिसम यांनी गमतीने तीन नावे घुसडली होती. शर्मिष्ठा, सप्तर्षी आणि नौका या तारकासमूहांच्या परिसरातील तीन ताऱ्यांना त्यांनी स्वतःच्या आणि आपल्या दोन सहकाऱ्यांच्या नावांतील शब्द उलटे करून दिले होते. १९६७ च्या जानेवारीत अपोलो-१ च्या आगीत ते तिघेही मरण पावले आणि गंमत म्हणून दिलेली नावे पुढे नकाशांत तशीच राहिली. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ वर उड्डाण होताच दोनदा वीज कोसळली आणि यानाची दिशादर्शक यंत्रणा भरकटली; तेव्हा पृथ्वीभोवती फिरत असतानाच ताऱ्यांचे वेध घेऊन अंतराळवीरांनी ती पुन्हा जुळवली व मग चंद्राची वाट धरली.

१९८३ साली अमेरिकेतील रिचमंड येथे 'डिजिस्टार' हा पहिला संगणकीय प्रक्षेपक बसला आणि तारांगणाची दृष्टीच पालटली. पडद्यावरील ठिपके रुंद कोनाच्या मत्स्यनेत्री भिंगातून घुमटावर टाकणाऱ्या या यंत्राचे सुरुवातीचे तारे झाइसच्या ताऱ्यांपुढे धूसर होते. पण झाइसचे यंत्र पृथ्वी सोडू शकत नव्हते आणि हे सोडू शकत होते. मुंबईच्या तारांगणातही २००३ साली झाइस यंत्राच्या जागी डिजिस्टार आले. आता गाया या युरोपीय उपग्रहाने पराशयावरून, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या दिशेत पडणाऱ्या सूक्ष्म फरकावरून, सुमारे १४६ कोटी ताऱ्यांची जी अंतरे काढण्याची सोय केली, ती घुमटावर मांडून ताऱ्यांमधून प्रवास घडवता येतो, किंवा चांद्रयान-३ जेथे उतरले त्या दक्षिण ध्रुवाकडील भूमीवर प्रेक्षकाला उभे करता येते. अंतराळ संशोधनावरचे खेळ या सोयीमुळेच शक्य झाले आणि ते नाकारणे हा निव्वळ स्मरणरंजनाचा प्रकार ठरेल.

तरीही हिशेबाची दुसरी बाजू मांडली पाहिजे. घुमटावरचा प्रेक्षक पृथ्वीवरून शनीपर्यंत दहा सेकंदांत पोहोचतो. प्रकाशाला त्याच प्रवासाला तासाहून अधिक वेळ लागतो. हे निवेदनात सांगितले नाही, तर अंतराची जाण वाढण्याऐवजी पुसली जाते. तेजोमेघ लाल-निळ्या रंगांत झळाळतात; दीर्घकाळ प्रकाश साठवून घेतलेल्या छायाचित्रांतले ते रंग दुर्बिणीतून पाहणाऱ्या डोळ्याला दिसत नाहीत, त्याला दिसते ते फिकट करडे धुके. याहून मोठे नुकसान निवेदकाचे झाले. जुन्या खेळात निवेदक हातात बाणाचा दिवा घेऊन समोरच्या प्रेक्षकांचा कल पाहत बोलत असे: सूर्यास्त सावकाश होई, डोळे अंधाराला सरावत, मग कृत्तिका, रोहिणी, मृग अशी ओळख सुरू होई आणि एखाद्या मुलाच्या प्रश्नावरून खेळ वेगळ्याच वाटेने जाई. ध्वनिमुद्रित निवेदनासह बाहेरून विकत आणलेल्या घुमटपटात याला जागा नसते, आणि त्यातले आकाश बहुधा दुसऱ्याच अक्षांशाचे असते.

दोष यंत्राचा नाही. त्या रात्रीचे, त्या गावचे आकाश संगणकीय प्रक्षेपकही उत्तम दाखवतो, फक्त त्याला तसे सांगणारा माणूस लागतो. तारांगण उभारणाऱ्या महापालिका व संस्था घुमटाच्या व्यासावर आणि प्रक्षेपकाच्या किमतीवर जेवढी चर्चा करतात, तिच्या एक दशांश जरी मराठीत उत्तम बोलणारा, आकाश जाणणारा निवेदक पगारावर नेमण्याबद्दल केली, तर बराच खर्च सार्थकी लागेल. प्रेक्षकांनीही तिकीट काढताना एवढे विचारावे, की या खेळात आज रात्रीचे आकाश दाखवणार आहेत का आणि ते समजावून सांगायला कोणी असणार आहे का.