काड्यांचा पूल, जालन्याची सळई आणि आपली मुले

आईस्क्रीमच्या काड्या, पांढरा डिंक, दोन टेबले आणि एक बादली. एवढ्या साहित्यावर शाळेत किंवा विहारात भौतिकशास्त्राची उत्तम स्पर्धा घेता येते. अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी अशा पूल-स्पर्धा अनेक वर्षांपासून होतात. जालना जिल्ह्यात वाड्यावस्त्यांवर आपल्यालाही त्या घेता येतील.

नियम सोपा आहे. दोन टेबलांत ठरावीक अंतर ठेवायचे, त्यावर पूल ठेवायचा, मधोमध बादली टांगायची आणि पूल मोडेपर्यंत पाणी ओतायचे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पेललेल्या वजनाला पुलाच्या वजनाने भागायचे. ५० ग्रॅमच्या पुलाने २० किलो पेलले तर गुण ४००. १०० ग्रॅमच्या पुलाने ३० किलो पेलले तर ३००. म्हणजे जास्त वजन पेलूनही दुसरा हरला! काड्यांची रास नको, डोके हवे.

डोके कुठे लावायचे? चार काड्यांचा चौकोन कोपऱ्यांत सैल जोडून ढकला, तो तिरका होतो. त्रिकोण होत नाही, कारण बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. म्हणून रेल्वेच्या लोखंडी पुलांत त्रिकोणच त्रिकोण दिसतात. भार आला की पुलाची खालची बाजू ताणली जाते, वरची दाबली जाते. दाबलेली लांब काडी मध्येच वाकते. तिची लांबी निम्मी केली तर ती सुमारे चौपट दाब सोसते. आणि बहुतेक पूल मोडतात ते काडीत नाही, सांध्यात. डिंक नीट वाळू द्या.

आता जालन्याकडे या. इथल्या कारखान्यांतली सळई दूरवर जाते. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून दोन टोकांवर टेकलेल्या स्लॅबमध्ये मुख्य सळई खालच्या बाजूला असते. पण भिंतीबाहेर आलेल्या छज्ज्यात ताण वरच्या बाजूला येतो, तिथे मुख्य सळई वरच हवी. ती खाली टाकली तर छज्जा कोसळतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. पुलाचे गणित हे माणसांच्या जिवाचे गणित आहे.

सळई वाहणारे हात आपल्या समाजात खूप आहेत. ती कुठे टाकायची हे ठरवणारेही आपल्यातून व्हायला हवेत. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्यासारख्या पाणी आणि विजेच्या योजनांचा पाया घातला. तंत्रज्ञान हा परक्यांचा प्रांत आहे, असे त्यांनी कधी मानले नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, येत्या जयंतीला डीजेच्या खर्चातला छोटा वाटा या स्पर्धेसाठी काढा. मुलामुलींचे मिश्र गट करा. बादली खाली पडणार, म्हणून सगळ्यांना लांब उभे करा. पूल मोडला की टाळ्या वाजवून थांबू नका. तो नेमका कुठून मोडला हे मुलांनाच शोधू द्या. चांगली कल्पना निघाली तर इन्स्पायर-मानक योजनेबद्दल शाळेत विचारा. तिथे निवड झालेल्या विद्यार्थ्याला १० हजार रुपये मिळतात.

‘या आणि स्वतः पाहा’ असे धम्म सांगतो. बादलीखालचा पूलही तेच सांगतो.