धोडपची लढाई आणि आमचे विस्मरण

आपसांतील युद्धास मराठी भाषेने 'यादवी' असे नाव दिले आहे. प्रभासक्षेत्री यादवांनी एकमेकांचा संहार केला, ती कथा या एका शब्दात साठविलेली आहे. आम्हां सिन्नरकरांस तर हा शब्द अगदी घरचा वाटावयास हवा. कारण स्वतःस त्याच यदुकुलाचे वंशज म्हणविणाऱ्या सेउण राजांचे सेउणपूर म्हणजेच आमचे सिन्नर, असे बहुतेक इतिहाससंशोधकांचे मत आहे. त्यांच्या काळचे गोंदेश्वराचे देवालय परगावच्या पाहुण्यास दाखविताना आमची छाती फुगते, आणि ते योग्यच आहे. परंतु याच राजघराण्यातील रामचंद्रदेवाने १२७१ साली आपला चुलतभाऊ आमणदेव यास पदच्युत करून देवगिरीची गादी घेतली, आणि पंचवीस वर्षांनी, १२९६ साली, अल्लाउद्दीन खिलजी त्याच देवगिरीच्या दाराशी येऊन उभा राहिला, हे त्या पाहुण्यास सांगावयास आमची जीभ रेटत नाही. परक्याशी केलेली झुंज आठवावी व भावाभावांतली विसरावी, ही आमची जुनी खोड आहे; आणि या खोडीचा उत्तम दाखला आमच्याच जिल्ह्यात उभा आहे.

सिन्नरहून उत्तरेस, चांदवडच्या बाजूस, सातमाळा रांगेत धोडपचा किल्ला आहे. सुटीच्या दिवशी तरुण मंडळी हट्टी गावावरून तेथे चढून जातात, कड्यातील प्रसिद्ध खाच पाहतात आणि परत येतात. या किल्ल्याच्या परिसरात १० जून १७६८ रोजी मराठ्यांची फौज मराठ्यांच्याच फौजेवर चालून गेली होती, हे त्यांपैकी किती जणांस ठाऊक असते? एका बाजूस थोरले माधवराव पेशवे, दुसऱ्या बाजूस त्यांचे सख्खे चुलते राघोबादादा. दादांच्या पाठीशी दमाजी गायकवाडांनी धाडलेली फौज व होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड. पेशव्यांच्या पाठीशी गोपाळराव पटवर्धनांसारखे सरदार. दादांचा पराभव झाला, त्यांनी किल्ल्याचा आश्रय घेतला, अखेर ते पुतण्याच्या स्वाधीन झाले आणि पुण्यास शनिवारवाड्यात नजरकैदेत राहिले.

वादाचे मूळ कोणते? दादांस दौलतीची वाटणी हवी होती. आम्ही वकिलीच्या धंद्यातील माणसे असे दावे रोज पाहतो. घराची भिंत वाटता येते, शेताचा बांध वाटता येतो, प्रसंगी विहिरीचे पाणीही पाळीपाळीने वाटता येते. परंतु राज्य ही कोणाची वडिलार्जित इस्टेट नव्हे, ती रयतेची ठेव आहे, हे तत्त्व जेथे मान्य नाही तेथे वाटणीचा दावा तलवारीनेच चालावयाचा. पानिपतच्या घोर संहारास तेव्हा पुरती आठ वर्षेही झाली नव्हती. त्याआधी १७६२ साली आळेगावी हेच चुलते-पुतणे लढले होते, आणि त्या वेळी दादांनी घरचे भांडण जिंकण्यासाठी निजामाची मदत घेतली होती. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनी हे दोघे एकत्र येऊन निजामाशी लढले व विजयी झाले. एकीचे फळ काय आणि दुहीचे काय, याचा पुरावा असा एका वर्षाच्या अंतराने समोर असताही धोडपचा प्रसंग ओढवलाच!

चुलत्या-पुतण्यांची ही कथा बखरींस व ग्रंथांस माहीत आहे. आम्हांस आज चिंता आहे ती दोन्हीकडच्या शिपायांची. जूनचा महिना म्हणजे मृगाचे दिवस. दसऱ्यास सीमोल्लंघन करावे आणि पावसाच्या तोंडावर घरी परतून पेरणीस लागावे, हा मराठी शिपाईगड्याचा शिरस्ता. त्या वर्षी पेरणीच्या ऐन दिवसांत त्याला आपल्याच भाषेच्या, आपल्याच देवांच्या, कदाचित आपल्याच सोयरिकीतल्या माणसावर भाला उचलावा लागला. शिलेदाराचा घोडा हेच त्याचे भांडवल. तो पडला की कुटुंब उघडे पडले. धन्याचे मात्र काय झाले? दादांस कैद मिळाली, तीही वाड्यात; दमाजींस जबर दंड झाला. ते त्याच वर्षी वारले आणि गायकवाडांच्या घरातही वारशाचे भांडण सुरू झाले. या दौलतीच्या कीर्दीत सरदारांची नावे जमेस आहेत. खर्ची पडला त्याचे नाव मात्र कोणत्याच खात्यावर नाही.

पुढचा जमाखर्च आमच्या व्यापारी वाचकांनी स्वतःच मांडून पाहावा. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला. १७७५ साली दादांनी सुरतेस इंग्रजांशी तह करून परक्यांची फौज घरात आणली. सिन्नरला लागूनच असलेल्या कोपरगावी १७८३ साली त्यांचा शेवट झाला. पण भांडण त्यांच्याबरोबर गेले नाही. विठोजी होळकरांस पुण्यात हत्तीच्या पायी दिल्याचा डाग मनात ठेवून यशवंतराव होळकर चालून आले, १८०२ च्या दिवाळीच्या दिवसांत हडपसरास मराठे पुन्हा मराठ्यांवर तुटून पडले, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी दादांचे पुत्र बाजीराव यांनी वसईच्या तहावर सही केली. १८१८ साली धोडप कंपनीच्या हाती गेला. चुलत्या-पुतण्यांच्या लढाईस तेव्हा बरोबर पन्नास वर्षे झाली होती.

'झाले गेले गंगेस मिळाले. मढी उकरून काय लाभ?' असा आक्षेप कोणी घेईल. त्यास अमेरिकेचे उदाहरण विचारार्थ सादर करतो. तेथे १८६१ ते १८६५ या काळात उत्तर व दक्षिण यांत घनघोर यादवी झाली. गेटिसबर्गच्या लढाईत, १८६३ च्या जुलैत, तीन दिवसांत सुमारे पन्नास हजार माणसे मृत, जखमी वा बेपत्ता झाली. चारच महिन्यांनी तेथे शिपायांची स्मशानभूमी राष्ट्रास अर्पण झाली व अध्यक्ष लिंकन यांनी तेथे भाषण केले. १९१३ साली त्याच रणभूमीवर दोन्हीकडचे वृद्ध शिपाई हजारोंनी जमले आणि त्यांनी एकमेकांचे हात हाती घेतले. दृश्य हृद्य खरे! परंतु ते युद्ध ज्या गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटले, त्याविषयी त्या समारंभात मौन पाळले गेले. आणि ज्यांची बेडी तोडण्यासाठी इतके रक्त सांडले, त्या कृष्णवर्णीयांस दक्षिणेत पुढे अर्धशतक वेगळ्या शाळा, वेगळे डबे आणि नाकारलेले मत हेच वाट्यास आले. तात्पर्य, स्मरण न करणे हा एक दोष, आणि गोड गोड स्मरण करणे हा दुसरा.

आमच्या मते यादवीच्या स्मरणाच्या दोन वह्या असाव्यात. शोकाची वही सर्वांची सारखी. तीत दादांचा शिपाई आणि पेशव्यांचा शिपाई असा भेद नाही. न्यायाची वही मात्र वेगळी. तीत कोणाचा पक्ष खरा, कोणी परक्यास दार उघडले, हे स्पष्ट लिहिलेच पाहिजे. नारायणरावांच्या खुनात प्रत्यक्ष धन्यास दोषी ठरविताना रामशास्त्री प्रभुणे कचरले नाहीत. तेवढे धैर्य अडीचशे वर्षांनंतर आम्हांस नसावे काय? या दुसऱ्या वहीत पेशवाईच्या स्वतःच्या पापाचीही नोंद हवी. कोरेगावच्या स्तंभावर साध्या शिपायांची, त्यांत अनेक महार शिपायांची, नावे कोरलेली आहेत. ती कोरली परक्या कंपनीने! ज्यांस स्वकीयांच्या राज्यात सावलीचाही मान नव्हता, त्यांस आपले नाव परक्याच्या दगडावर वाचावे लागले. १९२७ च्या १ जानेवारीस डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, त्याचा अर्थ ज्यांस अद्याप कळला नाही त्यांनी इतिहासाचा अभिमान मिरवू नये. जातीजातींतील उच्चनीचता ही आमची सर्वांत लांब चाललेली यादवी आहे.

म्हणून आमची सूचना अल्पखर्चाची आहे. पुतळा नको, मिरवणूक नको, कोणत्या जातीचे किती पडले याची मोजदादही नको. १० जून हा दिवस शाळांतून व वाचनालयांतून पाळावा; त्या दिवशी धोडपची हकीकत दोन्ही पक्षांच्या कैफियतीसह वाचली जावी, आणि निकाल मुलांनी स्वतः द्यावा. किल्ल्याच्या पायथ्याशी एक साधा फलक लागावा, त्यावर एकाही सरदाराचे नाव नसावे. येथे दोन्हीकडचे शिपाई पडले, एवढेच मराठीत लिहिलेले असावे. तो वाचून ज्याला आपल्या गावातील, आपल्या वाड्यातील भाऊबंदकी आठवेल आणि उद्याची एखादी फिर्याद जो तडजोडीने मिटवील, त्याच्या हातून त्या अनाम शिपायांचे श्राद्ध यथाविधी झाले असे आम्ही समजू. तसे झाल्यास आम्हां वकिलांचे थोडे नुकसान होईल. ते आम्ही आनंदाने सोसू.