वाळवंटातली वस्ती आणि पायी चालणारी माणसं

दुबई म्हटलं की सर्वांना बुर्ज खलिफा आठवतो. ८२८ मीटर उंच, जगातली सर्वांत उंच इमारत! पण वाचकहो, शहर राहायला कसं आहे ते इमारतीच्या उंचीवरून कळत नाही. म्हातारं माणूस आणि शाळेतलं मूल घरातून निघून पायी दुकानापर्यंत जाऊ शकतं का, यावरून कळतं. मी आयुष्यभर नर्सचं काम केलं, म्हणून मी हेच आधी बघते.

१९७५ साली दुबईची लोकसंख्या सुमारे १ लाख ८३ हजार होती. आज ती ३५ लाखांच्या वर गेली आहे. एवढी माणसं राहणार कुठे? वस्ती समुद्रकिनाऱ्याने जेबेल अलीपर्यंत आणि आत वाळवंटात पसरत गेली. घरं एकीकडे, बाजार दुसरीकडे, शाळा तिसरीकडे, आणि मध्ये भले मोठे रस्ते. गाडी नसेल तर माणूस घरात अडकून पडतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. इतका, की १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात मजुरांकडून काम करून घ्यायला तिथे कायद्याने बंदी आहे.

मग पूर्वीचे लोक कसे राहत होते? विजेचे पंखेसुद्धा नव्हते! दुबईच्या खाडीजवळ अल फहिदी नावाचा जुना मोहल्ला आहे. इराणहून आलेल्या व्यापाऱ्यांनी तो वसवला. गल्ल्या इतक्या अरुंद की एका घराची सावली दुसऱ्या घरावर पडते. भिंती समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाच्या. आणि बाळांनो, घरांवर चौकोनी मनोरे आहेत, त्यांना बरजील म्हणतात. हा मनोरा वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडतो. वारा पडला की खोलीतली गरम हवा त्यातूनच वर निघून जाते. आपल्या कोकणात ओटी, पडवी आणि माडांची वाडी घराला ऊन लागू देत नाहीत, तशीच ही युक्ती. १९८० नंतरच्या दशकात हा मोहल्ला पाडायला निघाले होते. काही भाग गेला, उरलेला वाचला.

हीच जुनी अक्कल पुढे नव्या वस्त्यांत वापरली गेली. अबू धाबीच्या विमानतळाजवळ २००८ साली मसदर सिटीचं बांधकाम सुरू झालं. अरुंद गल्ल्या, वाऱ्याच्या दिशेने रस्ते आणि ४५ मीटर उंचीचा वाऱ्याचा मनोरा. मोटारी नकोत, म्हणून बिनचालकाच्या छोट्या गाड्या ठेवायचं ठरलं होतं, पण तो बेत सुरुवातीच्या टप्प्यावरच थांबला. सगळं काम २०१६ पर्यंत संपायचं होतं, तेही लांबलं. तरी गल्ल्यांतली सावली खरी आहे.

दुबईत सस्टेनेबल सिटी नावाची ५०० बंगल्यांची वस्ती आहे. तिथे २०१५ पासून लोक राहू लागले. मोटारी कडेला ठेवायच्या, त्यांच्यावर सौर तबकड्यांचं छप्पर. आत मुलं निर्धास्त खेळतात. घरातलं सांडपाणी शुद्ध करून झाडांना घालतात आणि मधोमध हरितगृहांत भाजी पिकते. मात्र मेट्रो तिथपर्यंत पोहोचलेली नाही. वस्तीत चालायचं, आणि बाहेर पडलं की पुन्हा मोटारच! एकेक वस्ती सुधारून भागत नाही, त्या एकमेकींना जोडायला हव्यात.

हे सरकारच्याही ध्यानात आलं आहे. दुबईची मेट्रो २००९ साली सुरू झाली. डिसेंबर २०२४ मध्ये दुबई वॉक ही योजना जाहीर झाली. पायी जाण्यासाठी ३,३०० किलोमीटर नव्या वाटा आणि ११० पूल व भुयारी मार्ग बांधायचे ठरलं आहे. पायी फिरणाऱ्यांचं प्रमाण २०४० पर्यंत १३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर न्यायचं आहे.

यात तब्येतीचा प्रश्न आहे. रोज थोडं चालल्याने रक्तातली साखर आणि रक्तदाब ताब्यात राहायला मदत होते. पण आमच्या वयात तहान लवकर कळत नाही आणि ऊन पटकन बाधतं. म्हणून वाटेवर सावली, बसायला बाक आणि प्यायला पाणी पाहिजेच. ही चैन नव्हे, औषधच आहे.

तेव्हा आपल्या गावात नव्या वस्तीचा नकाशा निघाला, तर वडीलधाऱ्यांनी नगरपालिकेत जरूर विचारावं: दवाखाना पायी किती मिनिटांवर? बाक कुठे? झाडं कधी लावणार? आणि मुलांनो, घरापासून शाळेपर्यंत सावली देणारी झाडं किती आहेत, ते मोजून आजी-आजोबांना सांगा बरं!