‘माझ्या बैलाला दाखला कशाला?’

पशुप्रदर्शनाच्या प्रवेशद्वाराशी मांडलेल्या टेबलाजवळ ज्याने एक सकाळ काढली असेल, त्याला हा प्रश्न पाठ झाल्यावाचून राहत नाही. पाठीवर झूल, शिंगांना बेगड आणि गळ्यात घुंगुरमाळ ल्यालेला बैल टेम्पोतून उतरतो. पशुधन पर्यवेक्षक त्याच्या कानातील बिल्ला पाहतो आणि आरोग्याचा दाखला मागतो. आणि ज्याने वर्षभर त्या जनावराला पोटच्या पोराप्रमाणे जपले तो मालक दुखावल्या स्वरात विचारतो, ‘‘साहेब, बैलाच्या अंगावरून माशी घसरती बघा, अन् तुम्ही दाखला काहून मागायले?’’ मागे उभी असलेली मंडळी माना डोलावतात. जनावर डोळ्यांसमोर ठणठणीत उभे असता कागदाची मातब्बरी ती काय, दाखला हा केवळ कारकुनी सोपस्कार, हा समज भोकरदनपासून परतूरपर्यंत मी इतक्या वेळा आणि इतक्या शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे की, त्याचे निराकरण एकदा सविस्तर केल्यावाचून गत्यंतर नाही.

या समजाचे मूळ एकाच गृहीतात आहे: जे जनावर निरोगी दिसते ते निरोगी असते. हे गृहीत सपशेल चुकीचे आहे. लाळ्या-खुरकुताचेच उदाहरण घ्या. हा रोग विषाणूमुळे होतो हे लोफ्लर आणि फ्रॉश या जर्मन शास्त्रज्ञांनी 1898 साली सिद्ध केले, म्हणजे ही काही कालपरवाची नवलाई नव्हे. विषाणू शरीरात शिरल्यापासून तोंडात व खुरांत फोड येईपर्यंत साधारण 2 ते 14 दिवस जातात. आणि ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, फोड उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच जनावराच्या लाळेतून, दुधातून आणि श्वासातून विषाणू बाहेर पडू लागतो. अर्थात ज्या सकाळी मालक त्याला न्हाऊ-माखू घालून मोठ्या अभिमानाने मैदानात उभे करतो, त्याच सकाळी ते जनावर शेजारच्या दावणीला रोग देत असू शकते, आणि त्या वेळी त्याची भूक, चाल व डोळ्यांतील तेज यांत तसूभरही फरक पडलेला नसतो. बरे झालेल्या जनावरांपैकी काहींच्या घशात हा विषाणू पुढे कित्येक महिने राहतो, तो वेगळाच.

ब्रुसेलोसिसची तऱ्हा तर याहून फसवी आहे. या रोगाने बाधित गाय दिसायला उत्तम असते, दूध देते, चारा खाते. पाचव्या महिन्यानंतर गर्भ गाळते तेव्हाच शंका येते, आणि तोवर गोठ्यातील इतर गाई, तसेच उघड्या हाताने वार काढणारा मालक किंवा कच्चे दूध पिणारे त्याचे लेकरू, या सर्वांपर्यंत तो पोहोचलेला असू शकतो. डोळ्यांनी त्याचे निदान होत नाही. रक्ताची वा दुधाची तपासणीच करावी लागते. अशा स्थितीत ‘मी माझे जनावर ओळखतो’ या वाक्याला कितीही माया चिकटलेली असो, पुरावा म्हणून त्याचे मोल शून्य आहे.

याची किंमत किती जबर असू शकते हे पाहायचे असेल तर इंग्लंडकडे पाहावे. 2001 सालच्या फेब्रुवारीत तेथे लाळ्या-खुरकुताची साथ उघडकीस आली, परंतु त्यापूर्वीच बाधित मेंढ्या बाजारांतून विकल्या जाऊन देशभर पांगल्या होत्या. मेंढीमध्ये या रोगाची लक्षणे इतकी सौम्य असतात की विकणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही काही वावगे दिसले नाही. साथ आटोक्यात आणताना 60 लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. ती मेंढरे हाकणारे लोक अडाणी नव्हते वा लबाडही नव्हते. त्यांनी केवळ डोळ्यांवर भरवसा ठेवला.

‘‘ते तिकडे विलायतेत, आपल्याकडे नव्हे,’’ असे कोणी म्हणेल, त्याला आपल्याच जिल्ह्याची आठवण द्यावी लागते. 2019 च्या फेब्रुवारीत जालन्यात राज्यस्तरीय पशुपक्षी प्रदर्शन भरले आणि दूरदूरची जनावरे येथे एकत्र आली. त्याच वर्षाच्या ऑगस्टात ओडिशात लम्पी चर्मरोगाची भारतातील पहिली नोंद झाली, पुढच्या वर्षी तो महाराष्ट्रात शिरला, आणि 2022 च्या सप्टेंबरात शासनाला संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करून गुरांचे बाजार, जत्रा, शर्यती व प्रदर्शने यांवर मनाई घालावी लागली. हा रोग चावऱ्या माश्या, डास व गोचिडे यांच्याद्वारे पसरतो. आणि शेकडो गुरे एका मैदानात दोन-तीन दिवस दाटीने बांधली म्हणजे माश्यांची तजवीज निराळी करावी लागत नाही. ज्या बैलाच्या अंगावरून माशी घसरते, त्याच्या शेजारच्या बैलावर ती जाऊन बसते, एवढेच.

मनाईचा हा अधिकार कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेला नाही. प्राण्यांमधील संसर्गजन्य व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा आणि नियंत्रणाचा 2009 चा केंद्रीय अधिनियम आहे. त्याअन्वये रोगाचा संशय येताच खबर देणे हे मालकाचे कर्तव्य ठरते आणि नियंत्रित क्षेत्रात बाजार, जत्रा वा प्रदर्शन भरविण्यास मज्जाव होतो. दाखल्याचा हेतू या पार्श्वभूमीवर समजून घेतला पाहिजे. तो आपल्या जनावराच्या इभ्रतीवर घेतलेला संशय नव्हे. शेजारच्या दावणीला बांधलेल्या, आपल्याइतक्याच मायेने वाढविलेल्या दुसऱ्या जनावराला दिलेली ती हमी आहे, आणि तशीच हमी त्या दुसऱ्या मालकाने आपल्यालाही दिलेली असते. शिवाय दाखला हातात पडताना पशुवैद्याने जनावर तपासलेले असते, ताप मोजलेला असतो, लसीची नोंद पाहिलेली असते आणि त्याच्या गावात साथ नाही याची खातरजमा केलेली असते. यांतली शेवटची बाब प्रवेशद्वाराशी उभ्या राहिलेल्या कोणाच्याही डोळ्यांना दिसण्यासारखी नाही. एखाद्याने न तपासता दाखला लिहून दिला तर ती त्याची कसूर आहे आणि तिचा जाब अवश्य विचारावा. पण त्यावरून दाखलाच निरर्थक ठरविणे म्हणजे खोटे नाणे सापडले म्हणून चलनच टाकून देणे होय.

याच समजाचे एक धाकटे भावंड आहे, त्याचाही येथेच समाचार घेतो: ‘आदल्या दिवशी लस टोचली की काम झाले.’ काम होत नाही. लस म्हणजे औषध नव्हे. ती शरीराला शत्रूची ओळख करून देते आणि त्याविरुद्ध फौज उभी करणे हे शरीराचे काम असते, ज्याला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. आदल्या दिवशी टोचलेला बैल प्रदर्शनात न टोचलेल्या बैलाइतकाच उघडा असतो. म्हणूनच 2022 च्या साथीनंतर गुरांच्या वाहतुकीस मुभा देताना शासनाने लसीकरण किमान 28 दिवसांपूर्वीचे असावे, अशी अट घातली. आणि लाळ्या-खुरकुताची लस जन्मात एकदा घेऊन भागत नाही. ती दर सहा महिन्यांनी द्यावी लागते.

आता उरलेले गैरसमज, ज्यांना एवढ्या विस्ताराची आवश्यकता नाही.

‘कानात बिल्ला मारल्याने जनावराचे रूप बिघडते व गुण कापले जातात.’ परीक्षक बिल्ल्याचे गुण कापत नाहीत. उलट त्यावरील 12 अंकी क्रमांकावाचून लसीची नोंद त्याच जनावराची आहे हे सिद्ध करता येत नाही, आणि 1 जून 2024 पासून तर राज्यात बिल्ल्याविना जनावराच्या खरेदी-विक्रीसही मनाई आहे.

‘सर्वांत लठ्ठ बैलाला पहिला क्रमांक.’ क्रमांक जातीच्या लक्षणांना, बांध्याला व चालीला मिळतो. देवणीत बालंक्या, वानेरा व शेवेरा हे रंगभेद पाहतात, लाल कंधारीत गडद तांबडा वर्ण पाहतात, आणि चरबीने झाकलेला बांधा जाणत्या परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही.

‘दात कोण बघतो?’ सगळे बघतात. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला, हे वर्ग दातांवरूनच ठरतात. तोंडी सांगितलेले वय गृहीत धरले जात नाही.

‘धार न काढता कास तटतटू द्यावी, अथवा इंजेक्शन देऊन दूध वाढवावे.’ पहिल्याने कासदाह होतो. दुसरे, म्हणजे दूध वाढविण्यासाठी जनावराच्या प्रकृतीस अपायकारक द्रव्य टोचणे, हा 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा आहे.

‘ट्रकमध्ये मावतील तेवढी गुरे न्यावीत.’ 1978 च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार एका मालट्रकमध्ये सहाहून अधिक गुरे नेता येत नाहीत, आणि प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला सोबत लागतो.

‘लम्पी झालेल्या गाईमुळे माणसाला लम्पी होतो.’ होत नाही; तो माणसाचा रोग नव्हे. दूध मात्र सदैव उकळूनच प्यावे, कारण ब्रुसेलोसिस हा माणसाचाही रोग आहे.

‘घोड्याला कसले नियम?’ माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेस घोडा नेणाऱ्याने ग्लँडर्स हे नाव ध्यानात ठेवावे. त्याचे निदान रक्ततपासणीने होते आणि तो माणसाचाही जीव घेऊ शकतो.

‘लस आणि दाखले हे सरकारी थोतांड आहे, आजोबांच्या काळी हे काही नव्हते,’ असे म्हणणाऱ्यांसाठी एकच गोष्ट सांगून आटोपते घेतो. आजोबांच्या काळी बुळकांडी होती. ती आली म्हणजे दावणीच्या दावणी रित्या होत आणि पेरणीला औत जुंपायला बैल उरत नसे. तिच्यासारख्या रोगांच्या अभ्यासासाठीच 1889 साली पुण्यात प्रयोगशाळा स्थापन झाली, जी पुढे मुक्तेश्वरला गेली आणि जिचे आजचे रूप म्हणजे इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था. लसीकरण, साथीची खबर आणि गुरांच्या ये-जा करण्यावरील निर्बंध, या तीन कंटाळवाण्या वाटणाऱ्या उपायांनी भारत 2006 साली बुळकांडीमुक्त ठरला आणि 2011 साली ती पृथ्वीवरून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. आज प्रदर्शनाच्या दारात दाखल्यावरून हुज्जत घालणाऱ्या तरुण मालकाला बुळकांडी हा शब्दही ठाऊक नसतो, याचे श्रेय ज्यांनी आपली धडधाकट दिसणारी गुरेही टोचून घेतली त्या जुन्या लोकांना आहे.

तेव्हा ज्याला पुढच्या प्रदर्शनात उतरायचे असेल त्याने महिनाभर आधी गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची पायरी चढावी, लस व बिल्ला यांची नोंद पाहून घ्यावी आणि निघण्याच्या सुमारास जनावर तपासून ताजा दाखला घ्यावा. मैदानात स्वतःची बादली, स्वतःचे दावे आणि स्वतःचा चारा वापरावा. परत आल्यावर, मग गळ्यात पहिल्या क्रमांकाची पट्टी असली तरी, त्या बैलाला तीन आठवडे इतर गुरांपासून दूर बांधावे, आणि गोठ्यात शिरताना एक लिटर पाण्यात 40 ग्रॅम धुण्याचा सोडा या प्रमाणात केलेल्या द्रावणात पाय बुडवावेत. घरी राहिलेल्या गाई-वासरांनी प्रदर्शन पाहिलेले नसते, बक्षीसही त्यांना मिळायचे नसते. त्याचा रोग तेवढा त्यांच्या वाट्याला येऊ नये, इतकी काळजी त्यांच्या मालकाने घेतलीच पाहिजे.