कंट्रोलचा तांदूळ आणि प्लास्टिकचं भूत

सुपात तांदूळ पाखडून झाला की बाई त्यातले काही दाणे वेचून बाजूला काढते. बाकीच्या दाण्यांहून ते वेगळे दिसतात. रंग जरा खडूसारखा, कडा गुळगुळीत, आणि पाण्यात टाकले की काही वर तरंगतात. मग एखादा दाणा चिमट्यात धरून जाळला जातो, भाताचा गोळा करून जमिनीवर उडवून पाहिला जातो आणि संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गावभर फिरतो. ‘कंट्रोलमध्ये प्लास्टिकचा तांदूळ आला.’ पुढच्या गावात पोचेपर्यंत तो ‘चीनहून’ आलेला असतो, त्याच्या पुढच्या गावात ‘परदेशी संस्थेनं मदत म्हणून धाडलेला’.

दाणा ओळखण्यात या बाईची चूक अजिबात नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी वाण तयार केलं. हा मुलूखच दाण्यावर नजर ठेवणारा आहे. शंभरात एक दाणा परका आहे हे इथं कळणारच. चूक होते ती पुढच्या पायरीवर, तो दाणा कशाचा आहे हे ठरवताना.

तो तांदळाचाच आहे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि जीवनसत्त्व बी-12 मिसळतात, पीठ मळून यंत्रातून शेवयांसारखं दाबून काढतात, तांदळाच्या आकारात कापतात आणि वाळवतात. असा 1 किलो दाणा 100 किलो साध्या तांदळात मिसळला जातो; हाच पोषणयुक्त तांदूळ. पिठापासून घडवलेला म्हणून तो दिसायला वेगळा, आणि आत हवेची बारीक पोकळी राहिली तर तरंगणाराही. जाळला तर काळा पडतो, कारण पिष्ट जळतं. साधा तांदूळही जळतोच, कधी करून पाहा. प्लास्टिक वितळतं, त्याचा थेंब गळतो, तार निघते. आणि चिकट भाताचा गोळा उडतो तोही पिष्टामुळेच. एवढ्यावर समाधान नसेल तर शाळेतल्या प्रयोगशाळेत जावं आणि वेचलेला दाणा ठेचून त्यावर आयोडीनचा थेंब टाकावा. तो निळा-काळा होईल. प्लास्टिक होणार नाही.

हिशेबाचा मुद्दा तर कुणी विचारातच घेत नाही. प्लास्टिकचे दाणे बाजारात सरकारी तांदळापेक्षा स्वस्त मिळत नाहीत. महाग माल स्वस्त मालात मिसळून फायदा करून घेणारा भेसळखोर अजून जन्माला यायचा आहे.

आता ‘परदेशी मदत’. या संशयाला इतिहास आहे, तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. 1956 मध्ये भारतानं अमेरिकेशी पीएल-480 कायद्याखाली धान्याचा करार केला आणि 1960च्या दशकात अमेरिकी धान्यानं भरलेल्या जहाजांकडे देशाला डोळे लावून बसावं लागलं. तेव्हाची लाल मिलो ज्वारी आणि 1972च्या दुष्काळातली सुकडी जुन्या माणसांच्या जिभेवर अजून आहे. मिलो नकोशी होती, पण पोट भरायचं होतं. बाहेरून आलेलं, न ओळखीचं, सरकारनं दिलेलं म्हणून मुकाट्यानं खायचं, ही आठवण घरात असली की वेगळा दाणा पाहून शंका येणं साहजिक आहे. (काँग्रेस गवत पीएल-480च्या गव्हातून आलं, हेही त्याच काळातलं घरोघरचं सत्य. पण पुण्यात ते या करारावर सही होण्याच्या आधीच दिसलं होतं.)

आजची स्थिती उलटी आहे. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम भारतात 1960च्या दशकापासून आहे, पण रेशनला धान्य पुरवणं हे आज त्याचं काम नाही. तो सरकारला तांत्रिक मदत करतो. ओडिशातल्या गजपती जिल्ह्यात शाळेच्या आहारातल्या पोषणयुक्त तांदळाचा प्रयोग त्यानं राज्य सरकारबरोबर केला. उलट भारतानं अफगाणिस्तानला 50,000 टन गहू देऊ केला, आणि 2022 मध्ये अटारीहून निघालेला तो गहू वाटण्याचं काम याच संस्थेकडे होतं. मिलो खाणारा देश देणाऱ्यांच्या रांगेत गेला, तरी व्हिडिओ करणारे अजून 1966 मध्येच आहेत.

गडचिरोलीत 2018 मध्ये कुरखेडा आणि भामरागड तालुक्यांत पोषणयुक्त तांदूळ सुरू झाला तो राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्या भागीदारीतून. 2019-20 पासूनच्या केंद्राच्या प्रायोगिक योजनेत महाराष्ट्रातून निवड झाली तीही गडचिरोलीचीच. पुढे देशभरच्या रेशनवर हा तांदूळ आला.

किरकोळ समज झटपट निकालात काढता येतात. ‘धुतलं की सगळं जातं’: नाही, लोह दाण्याच्या आत असतं. पण भात पसवून पेज फेकली तर काही भाग जातो, तेव्हा पेज प्यावी. ‘लोह जास्त होऊन विषबाधा होते’: नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकाप्रमाणे किलोमागे 28 ते 42.5 मिलिग्रॅम लोह असतं. महिन्याच्या माणशी 5 किलोतून दिवसाला साडेचार ते सात मिलिग्रॅम मिळतं. गरोदर बाईला आशाताई देतात त्या एका गोळीत 60 असतं. ‘हा तांदूळ खाल्ला की रक्त वाढतंच’: हाही गैरसमजच, फक्त सरकारी बाजूचा. 2019च्या कॉक्रेन आढाव्यात लोहयुक्त तांदळानं रक्तक्षयाच्या धोक्यात फारसा फरक पडलेला दिसला नाही.

खरी चीड येते ती इथं. प्लास्टिकच्या गोंगाटात विचारण्याजोगा प्रश्न मागे पडला, आणि तो चंद्रपूर-गडचिरोली याच दोन जिल्ह्यांचा होता. इथं सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येनं आहेत. सिकलसेलच्या रुग्णांनी लोहयुक्त पदार्थ खाऊ नयेत, अशी सूचना पाकिटावर छापणं नियमानंच बंधनकारक होतं. पण रेशनचा तांदूळ पोत्यातून सुटा मापून मिळतो. पोत्यावरची सूचना पोत्यापाशीच राहते. 2024 मध्ये तज्ज्ञांच्या समितीनं धोका नसल्याचा निर्वाळा दिल्यावर ही सूचना काढली गेली. त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. रक्ताच्या एका पिशवीतून रुग्णाच्या अंगात 200 मिलिग्रॅमहून अधिक लोह जातं, त्यापुढे भातातलं किती? पण सूचना का होती आणि का गेली, हे माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या बाईला तिच्या भाषेत कुणी बसून सांगितलं?

वारंवार रक्त चढवावं लागणाऱ्या रुग्णानं या तांदळाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनी ते दाणे वेचून फेकू नयेत. आणि तहसील कार्यालयांनी प्रत्येक रास्त भाव दुकानाच्या दारात मराठी, गोंडी आणि माडियात एक फलक लावावा, शेजारी एका बशीत हे दाणे आणि आयोडीनची एक बाटली ठेवावी.