भास्कराचार्यांच्या नातवाचा मठ

पाटणच्या पेठेत जितके तेलघाणे चालतील, त्या प्रत्येकाने पळीपळीभर तेल मठाला द्यायचं. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या, यायच्या. जे काही मापायचं ते मठाच्याच मापाने, आणि मापणावळ निम्मी मठाची, निम्मी मापाऱ्याची. पेठेत उघडलेल्या मालावर राजाला मिळणारा एक करही मठाकडे वळवलेला. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखातल्या या तरतुदी आहेत, आणि त्या ज्या मठासाठी केल्या तिथे गणित आणि ज्योतिष शिकवलं जायचं.

हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली अभ्यासकांपुढे आणला. पेडण्याजवळच्या मांद्र्याचा हा माणूस मुंबईत वैद्यकी करायचा आणि जुने लेख वाचायचा. लेखाचा बराच भाग संस्कृत पद्यात आहे. शेवटी मात्र, जिथे तेल, सुपारी आणि मापाचा हिशेब येतो, तिथे भाषा मराठी होते. ज्यांनी द्यायचं त्यांना ते समजायला हवं होतं. मराठीच्या इतिहासात या ओळींना मान आहे. पण भाषेचे अभ्यासक या ओळींपाशी थांबतात, गणिताचे अभ्यासक वंशावळीपाशी, आणि तेल नेमकं कशासाठी दिलं हे दोघांच्याही मधे राहून जातं.

वंशावळ त्रिविक्रमापासून सुरू होते. सातव्या पिढीत भास्कराचार्य येतात. जन्म शके १०३६, म्हणजे १११४. वडील महेश्वर हेच गुरू. छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला, त्याचे भाग चार: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. मुलगा लक्ष्मीधर. त्याची विद्या पाहून यादव राजा जैत्रपालाने त्याला पाटणहून नेलं आणि पंडितांमध्ये अग्रस्थान दिलं. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला तो यानेच. यादवांच्या मांडलिक निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने ९ ऑगस्ट १२०७ रोजी, श्रावणी पौर्णिमेच्या चंद्रग्रहणात, मठाला दान दिलं.

भास्कराचार्य म्हटलं की आपल्याला आठवते ती विधवा लेक लीलावती, घटिकापात्रात अडकलेला मोती आणि टळलेला मुहूर्त. ही गोष्ट अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादाबरोबर पसरली. मधे चारशे वर्षांहून अधिक काळ गेलेला. पाटणच्या लेखात मुलीचा उल्लेख नाही. गोष्ट गोड आहे, हे मान्य. पण एका नातवाने राजाश्रय मिळवून आजोबांचं गणित शिकवण्याची सोय लावली, ही दगडावर कोरलेली गोष्ट मला तिच्याहून मोठी वाटते.

आणि शिकवण्याजोगं काय होतं ते पाहा. अशी वर्गसंख्या शोधा की तिला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्गच यावा. चाचपडत बसलं तर आयुष्य सरेल, कारण सर्वांत लहान उत्तरातल्या संख्या आहेत २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९. बीजगणितात भास्कराचार्य हे चक्रवाल पद्धतीने सोडवतात. सुरुवात अगदी साधी: ८ चा वर्ग ६४, तो ६१ पेक्षा ३ ने जास्त. हव्या असलेल्या १ ऐवजी ३ आला, तरी तो टाकायचा नाही. त्यातूनच पुढची जोडी काढायची. ५ चा वर्ग गुणिले ६१ म्हणजे १५२५, आणि ३९ चा वर्ग १५२१. आता फरक उणे ४. ब्रह्मगुप्ताच्या ‘भावना’ नावाच्या रीतीने अशा जोड्या एकमेकींशी गुंफत नेल्या की १ येतो. पद्धतीचं सगळं श्रेय भास्कराचार्यांना देणं बरोबर नाही, जयदेव नावाच्या गणितज्ञाची चक्रवाल रीत त्यांच्या आधीची आहे. पण तिची अशी स्वच्छ मांडणी, अवघड उदाहरणासह, त्यांची. फर्माने १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढे याच जातीचे प्रश्न टाकले, तेव्हा ६१ ची निवड त्यानेही केली होती.

असं गणित नुसत्या पोथीवरून कळत नाही. सूत्र दोन ओळींचं, सांगणारा नसेल तर ते पाठ होतं आणि तिथेच संपतं. भास्कराचार्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथावर वासनाभाष्य, म्हणजे उपपत्ती सांगणारी टीका, लिहिली ती याच जाणिवेने. मठाच्या लेखातही ग्रंथ नुसते जपावेत असं म्हटलेलं नाही. सिद्धान्तशिरोमणी आणि घराण्यातले इतर ग्रंथ तिथे नेमाने समजावून सांगावेत, असं म्हटलं आहे. जो शिकवणार त्याच्या पोटाचा प्रश्न पाटणच्या तेल्यांनी, गिऱ्हाइकांनी आणि मापाऱ्यांनी उचलला.

मठाचं पुढे काय झालं ते लेख सांगत नाही. ग्रंथ मात्र हातोहात फिरत राहिले. मुरुडजवळच्या नांदगावात गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली. त्यांनी रीत देऊन भागवलं नाही, ती खरी का ठरते याच्या उपपत्ती दिल्या. भास्कराचार्यांच्या ग्रंथानंतर जवळपास चारशे वर्षांनी, कोकणातल्या त्या गावात, लीलावती अजून शिकवली जात होती आणि तिला प्रश्न विचारले जात होते.